पानावरचं मौन

"म्हैस," भारती म्हणाली.

मी पुस्तकातून मान वर केली. "काय म्हैस?"

"गोष्टीचा गाभा. म्हैस हरवते, तिला हुडकतात, म्हैस सापडते. सगळी गोष्ट म्हशीचीच आहे की, बाई."

मला हसू आवरेना. ती मात्र गंभीर होती. पुढ्यात सुपात कापूस, शेजारी वाटीत चिमूटभर राख आणि डाव्या तळहातावर अर्धी वळलेली वात. दुपारचे अडीच वाजले होते. गल्ली जेवून निजलेली होती.

"म्हैस हे गोष्टीत घडतं," मी म्हटलं. "आणि गाभा म्हणजे सांगणाऱ्याला ती सांगावीशी का वाटली, ते. म्हैस सापडल्यावर म्हातारा काय करतो?"

"रडतो."

"सापडल्यावर का रडतो?"

तिचा हात थांबला. तिनं अर्धी वात सुपाच्या काठावर ठेवली. मग म्हणाली, "हुडकायला पोरगं आलं नाही म्हणून."

त्या दिवसापासून मला तिला शिकवण्याची गोडी लागली.

याला आता वीस वर्षं होऊन गेली. मी तेव्हा कुरुंदवाडला मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. शाळा सकाळची. एकला घरी यायचं, सोवळ्यानं स्वयंपाक, देवाला नैवेद्य, मग एकदाच जेवायचं आणि तेही मौनानं. आईच्या माघारी घरात मी एकटीच, त्यामुळे नेम सांभाळायला अडचण नव्हती. गुरुवारी चालत नरसोबाच्या वाडीला जायचं. त्या वर्षी महाशिवरात्रीला लक्ष वाती वाहण्याचा संकल्प केला होता, म्हणून गल्लीतल्या बायका दुपारी हाताला हात द्यायला येत. भारती आवटी त्यांतलीच एक. निदान तिच्या घरी तरी तेवढंच ठाऊक होतं.

वय अठ्ठावीस. नववीत असताना लग्न झालं, शाळा सुटली. नवरा दिनकर इचलकरंजीला मागावर कामाला, सकाळी जायचा तो रात्री यायचा. एक मुलगी पहिलीत. गल्लीच्या तोंडाशी अंगणवाडी होती, तिथल्या सेविका मे महिन्यात निवृत्त व्हायच्या होत्या. त्यांच्या वरच्या, पर्यवेक्षिका बाईंनी भारतीला सांगून ठेवलं होतं की तू इथलीच सून आहेस, पोरं तुझ्या अंगाखांद्यावर खेळतात, जूनअखेर दहावी पास झाल्याचा कागद आण, जागा तुला. दहावी नसेल तर दुसरी कोणीतरी. मार्चची परीक्षा ही एकच संधी होती. तिला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला मीच सांगितलं, आमच्याच शाळेतून फॉर्म भरून घेतला आणि तिचं प्रवेशपत्र माझ्याकडेच ठेवायचं असं ठरलं.

घरी सांगायची सोय नव्हती. तिची मोठी जाऊ लग्नानंतर नर्सिंग शिकली, सांगलीला नोकरीला लागली आणि वर्षभरात नवऱ्याला घेऊन वेगळी झाली. तेव्हापासून सासूच्या, आक्काताईंच्या मनात एकच भीती घर करून होती. एक पोरगा पुस्तकानं नेला, दुसरा नेऊ देणार नाही, असं त्या उघड म्हणायच्या. वाईट बाई नव्हती. देवाधर्माला पुढं. माझ्याकडे वातीला जाते म्हटल्यावर त्यांनी सुनेला कधी अडवलं नाही.

तर असं आमचं चालायचं. ती वाती वळायची आणि मी वाचून दाखवायची. गणित तिचं पक्कं होतं, इतिहास पाठ व्हायचा. घोडं अडायचं ते न वाचलेल्या गोष्टीवरच्या प्रश्नाला. 'कथेची मध्यवर्ती कल्पना तुमच्या शब्दांत लिहा.' ती सबंध गोष्टच पुन्हा लिहून काढायची. मग मी तिला एक रीत घालून दिली. गोष्टीतल्या माणसाला काय हवंय, ते आधी शोध. मग, त्यासाठी तो काय सोडतो. मग, शेवटी त्याच्या हातात काय उरतं. ही तीन उत्तरं एकापुढे एक मांडली की गाभा आपसूक दिसतो.

तिला तो दिसू लागला, आणि माझ्यापेक्षा लवकर दिसू लागला. सरावाच्या पुस्तकात एक गोष्ट होती. एक घड्याळजी सगळ्या गावाची घड्याळं दुरुस्त करतो, गरिबांकडून मोबदला घेत नाही, आणि त्याच्या स्वतःच्या घरातलं घड्याळ मात्र कायम बंद. पुस्तकाच्या शेवटी उत्तर छापलेलं होतं, परोपकार. भारती म्हणाली, "नाही बाई. तो एकटा आहे. घरी उशीर झाला म्हणायला कुणी नाही, मग घड्याळ चालू ठेवून काय करायचं?"

मी ती गोष्ट पंधरा वर्षं शिकवत होते.

तरी मी तिला सांगितलं की परीक्षेत परोपकारच लिही, तपासणाऱ्याच्या हातात तेच उत्तर असतं. ती म्हणाली, "म्हणजे बरोबर उत्तर येत असलं तरी चुकीचं लिहायचं." तिचा टोमणा असायचाच असा, आवाज न चढवता, खाली बघून. मी म्हटलं, आधी पास हो, मग वाद घाल.

महाशिवरात्र आठ दिवसांवर आली. परीक्षा त्यानंतर साधारण आठवड्याने. वाती होत आल्या होत्या. त्या दुपारी मी माझ्या वहीतून तिला एक गोष्ट वाचून दाखवली. जुन्या मासिकातून उतरवून घेतलीय, असं सांगितलं.

गोष्ट साधी होती. एका बाईनं चातुर्मासात अखंड दिवा लावायचा नेम घेतलेला असतो. दिवा विझू द्यायचा नाही, म्हणून चार महिने गाव सोडायचं नाही. श्रावणात तिच्या धाकट्या बहिणीचं पत्र येतं. ती आजारी आहे, लेकरं लहान आहेत, ताई थोडे दिवस ये. शेजारीण दोनदा येऊन चौकशी करून जाते. बाई रोज देवापुढे बसून बहिणीसाठी जप करते, पण दिवा सोडून जात नाही. आश्विनात बहीण जाते. कार्तिकी एकादशीपर्यंत दिवा तसाच तेवत राहतो. त्या दिवशी दिव्याच्या दर्शनाला जमलेली माणसं म्हणतात, केवढी ही निष्ठा.

वाचून झाल्यावर मी विचारलं, "बोल. काय हवंय तिला?"

भारती वात वळत होती. नेहमीसारखी थांबलीसुद्धा नाही. "तिला बहिणीकडे जायचं नव्हतं."

"असं कुठं आहे गोष्टीत?"

"शेजारीण आहे की गोष्टीत. दोनदा आलीय. तिला सांगितलं असतं तर तिनं तेल घातलं असतं दिव्यात. हिनं विचारलंच नाही." तिनं वात सुपात टाकली. "कायतरी जुनं भांडण असणार दोघी बहिणींत. ते तोंडानं म्हणायचं नव्हतं हिला, म्हणून देवाला पुढं केलं. निष्ठा कसली बाई, नुसती आडोशाला बसलीय."

मी वही मिटली. तिचं उत्तर चुकलं असं मी तिला सांगितलं. गोष्टीत नाही ते शोधत बसलीस तर मार्क जातील, असंही सांगितलं. माझा आवाज कधी चढत नाही, त्याही दिवशी चढला नाही. पण मी तिला रोजच्यासारखं दारापर्यंत पोचवायला उठले नाही. तिच्या ते ध्यानात आलं असावं. उंबऱ्यात ती जराशी रेंगाळली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मी पानावर बसले होते. वरणभात संपवून ताकभात कालवत होते, तेवढ्यात दार लोटून आक्काताई आत आल्या. मागे भारती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

आक्काताई स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या. पानावर असताना मी बोलत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी लांबूनच हात जोडले.

भारतीच्या पेटीत तिचे छोटे फोटो सापडले होते, फॉर्मला लावून उरलेले. कशाला काढलेस, तर ती म्हणे बाईंच्या वातीच्या कार्यक्रमाला लागतात. आक्काताईंना ते पटलं नव्हतं. रात्रभर त्या निजल्या नव्हत्या. मोठीनंही असेच फोटो काढले होते, म्हणाल्या.

"बाई, तुमच्यावर माझा भरवसा आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही एवढंच सांगा. ही तुमच्याकडं वातीला येते का आणखी कशाला? वातीला येते म्हणा, मी आल्या पावली माघारी जाते. परत विचारायची नाही. बोलायचं नसलं तर मान हलवा."

भारती त्यांच्या खांद्याआडून माझ्याकडे बघत होती. सूप तिथंच भिंतीशी टेकवलेलं होतं आणि त्यात तिनंच वळलेल्या वाती होत्या, ढीगभर. ती वातीला येत होती. ते खरंच होतं. मी होकार दिला असता तर माझ्या तोंडून खोटं गेलं नसतं.

आणि नेम मोडला असता, तर त्याचंही शास्त्र आमच्याकडे ठरलेलं होतं. पानावर बोललं तर पानावरून उठायचं आणि त्या दिवशी पुन्हा जेवायचं नाही. एवढंच. एका वेळचा उपास. मला उपास काय नवे होते?

मी मान खाली घातली आणि घास घेतला.

दुसरा घेतला. आक्काताई थांबल्या होत्या. मी मीठ घेतलं, लोणच्याची फोड बाजूला सारली. तिसरा घास घेतला. एकदाच वर बघितलं, तेव्हा भारतीचे डोळे माझ्यावर नव्हते. ती जमिनीकडे बघत होती.

"समजलं," आक्काताई म्हणाल्या. त्यांनी पुन्हा हात जोडले आणि सुनेचा दंड धरून त्या निघून गेल्या. मी ताकभात संपवला. पान स्वच्छ करून उठले.

मी आजवर हे कुणाजवळ बोलले नाही. ती दिव्याची गोष्ट कुठल्याही मासिकात नव्हती. माझी बहीण कमल मिरजेला दिली होती. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ती संसाराचं निमित्त सांगून आली नाही. नऊ वर्षं मी एकटीनं आईचं केलं. पुढं तिच्यावर वेळ आली तेव्हा मी चातुर्मासाचा दिवा लावून बसले. ती गेली. माणसं माझ्या निष्ठेविषयी बोलली आणि मीही हळूहळू तेच धरून चालले. ते सगळं मी वहीत लिहून काढलं होतं, आणि ते निष्ठेचंच आहे असं कोणीतरी एकदा म्हणावं, एवढ्यासाठी भारतीला वाचून दाखवलं होतं.

भारती यायची बंद झाली. शिवरात्रीला वाती वाहिल्या. प्रसाद घ्यायला आक्काताई आल्या, सून आली नाही. मी रोज म्हणायची, आज जाते तिच्या घरी, उद्या जाते. प्रवेशपत्र माझ्या पर्समध्ये घडी घालून ठेवलेलं होतं. तिचं घर माझ्या घरापासून नऊ दारं सोडून होतं.

पहिला पेपर मराठीचा. त्या दिवशी मराठीच्या शिक्षकांना वर्गावर ठेवत नाहीत. मला फाटकात उभं केलं होतं, मुलींची झडती घ्यायला. एकेक मुलगी पुढं यायची, कंपास उघडून दाखवायची, हात वर करायची. कुणाच्या कपाळावर अंगारा, कुणाच्या हाताला घाम. मी प्रत्येकीला सावकाश लिही म्हणत होते आणि रस्त्याच्या वळणाकडे बघत होते. अकराला घंटा झाली. साडेअकरापर्यंत उशिरा आलेल्याला आत सोडतात. फाटकात मी आणि शिपाई म्हादूमामा एवढेच उरलो.

"कुणाची वाट बघताय, बाई?" त्यांनी विचारलं.

"एक बाहेरची मुलगी आहे."

घड्याळ बघून त्यांनी फाटकाला हात घातला. मी म्हटलं, जरा थांबा. ते थांबले. पाच मिनिटं जास्तच थांबले बिचारे. मग म्हणाले, "बाई, साहेब आता मला बोलतील," आणि त्यांनी कडी लावली. एक विषय गेला म्हणजे वर्ष गेलं, आणि जूनची ती जागाही गेली.

कामातून मोकळी झाले तशी मी घरी न जाता सरळ आवट्यांकडे गेले. त्यांच्या उंबऱ्याच्या आत मी त्याआधी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. मला बघून आक्काताईंची तारांबळ उडाली. त्यांनी पायावर पाणी घातलं, सतरंजी अंथरली, हळदकुंकवाचा करंडा आणला. भारतीची मुलगी कोपऱ्यात पाटीवर काहीतरी गिरवत होती. भारती आतल्या दाराशी आली, वाकून नमस्कार केला आणि तिथंच चौकटीला धरून उभी राहिली. बारीक झाली होती.

आक्काताई सांगत होत्या. पोरीच्या डोक्यातलं खूळ गेलं होतं. चार दिवस जेवली नाही, मग आली ताळ्यावर. दिनकरला त्यांनी काही कळू दिलं नव्हतं, उगाच घरात ताण नको. पुस्तकं बंबात घातली.

"तुमचे उपकार, बाई," त्या म्हणाल्या. "दुसरी कोणी असती तर हिच्या बाजूनं खोटं बोलून मोकळी झाली असती. तुम्ही तोंडातनं शब्द काढला नाहीत, तरी मला काय कळायचं ते कळलं. घर राहिलं माझं. आता आलाच आहात तर हिला दोन शब्द सांगा. तुमचं ऐकती ती."

मी तेव्हा पानावर नव्हते. माझं कुठलंही मौन नव्हतं.

"आक्काताई," मी म्हटलं, "हिची काही चूक नाही. फॉर्म मी भरायला लावला. शिकवत मी होते. आणि त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा वातीला येते म्हणायला मला काहीच अडचण नव्हती. वाती ती करतच होती. मी मुद्दाम बोलले नाही. आदल्या दिवशी तिनं मला माझ्याबद्दलचं खरं काहीतरी दाखवलं होतं, त्याचा राग मनात होता. नेमाचं नुसतं निमित्त. तिचा पेपर आज माझ्यामुळे बुडाला."

एवढं सलग मी कित्येक वर्षांत बोलले नव्हते. आक्काताई माझ्या तोंडाकडे बघतच राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत हळूहळू पाणी आलं. मग त्या सुनेकडे वळल्या.

"ऐकलंस?" त्या म्हणाल्या. "केवढं मन आहे बघ. तुझा अपराध आपल्या अंगावर घ्यायला उन्हातनं चालत आल्यात. व्रतं करणारी माणसं अशी असतात."

"अहो, नाही. खरंच सांगतेय मी."

त्या वयानं माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या होत्या. वाकल्या आणि त्यांनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी पाय मागे ओढले, तरी त्यांचा हात पोचलाच.

"आत्ती," भारती दारातून सासूला म्हणाली. आवाज नेहमीसारखाच, खालचा. "बाई खरंच बोलतायत."

"तर काय," आक्काताई डोळे पुसत म्हणाल्या. "त्या खोटं कधी बोलतात?"

भारतीनं माझ्याकडे बघितलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. सुपापुढे बसून ती गोष्ट ऐकायची तेव्हा शेवटाकडे तिची नजर अशी स्थिर व्हायची. मला वाटलं, ती आता काहीतरी म्हणेल. तिनं काहीही म्हटलं असतं तरी मी ते घेऊन उठले असते.

ती आत वळली. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. आक्काताई सोमवारच्या व्रताविषयी विचारत राहिल्या आणि मी उत्तरं देत राहिले.

चहा तिच्या मुलीनं आणला. दोन्ही हातांनी बशी धरून, जपून, एकेक पाऊल टाकत. आजीनं तिला माझ्या पाया पडायला सांगितलं आणि ती पडली. मी चहा संपेपर्यंत बसले. भारती बाहेर आली नाही.